फॅटअण्णांचा आकडा

मुलगी पाहायला गेलेल्या घरी चहाचा कप हातात आल्यावर, तो ओठाला लावण्यापूर्वी, "दुधाची डिग्री किती?" असे विचारणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. काचेची नळी दुधात सोडली की दुधात पाणी आहे किंवा नाही ते सांगणारा जो आकडा दिसतो, त्याला आमच्याकडे डिग्री म्हणतात. त्याच्या पुतण्यासाठी स्थळ पाहणे चालले होते आणि मी मध्यस्थ म्हणून सोबत गेलो होतो. मुलीच्या बापाने मामाकडे पाहिले. मामाने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज आला, "अठ्ठावीस."

"पोरगी खरं बोलती," हे गृहस्थ म्हणाले आणि कप रिकामा करून त्यांनी सुपारी फोडायला सांगितली. पुतण्या पुढे पुण्याला गेला. तिथल्या पिशवीतल्या दुधाची डिग्री ती सून अजूनही फोनवरून कळवत असते.

गृहस्थांचे नाव गंगाधर. गाव त्यांना फॅटअण्णा म्हणते. अंगावर मांस नावाला नाही. नाव पडले ते कामावरून. गावच्या दूध संकलन केंद्रात छत्तीस वर्षे, सकाळ-संध्याकाळ, दुधाचे फॅट, म्हणजे ज्यावर दुधाचा भाव ठरतो तो स्निग्धांश, काढण्याचे काम ते करतात. तिसगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव आहे. नाव सांगितले तरी वाचकांच्या ते लक्षात राहणार नाही, म्हणून सांगत नाही. मी त्याच गावच्या शाळेत शिकवले. गाव मला गुरुजी म्हणते. माझ्या दारात एक गाय आहे आणि तिचे दूध मी स्वतः केंद्रावर नेतो. त्यामुळे अण्णांची आणि माझी गाठ दिवसातून दोनदा ठरलेली.

"अंदाज घरी ठिवा, आकडा बोला," हे त्यांचे ठेवणीतले वाक्य. कोणी पाऊस लई झाला म्हणाले की ते विचारत, "किती मिलिमीटर?" कोणी अंगात कणकण आहे म्हणाले की ते टेबलाच्या खणातून थर्मामीटर काढत. तो दुधाचा आहे की माणसाचा, हे विचारण्याची सोय नव्हती. त्यांनी लग्न केले नाही. का केले नाही, असे मी एकदा विचारले होते. "रीडिंग जुळलं न्हाई," एवढेच उत्तर मिळाले. तो विषय मी पुन्हा काढला नाही.

केंद्रात त्यांच्या टेबलापुढे जमिनीवर एक पिवळी रेषा आहे. ती त्यांनी स्वतः रंगवली. रेषेच्या आत यंत्र, अण्णा आणि सॅम्पलच्या बाटल्या. रेषेच्या बाहेर गाव. कोणाचे बोट जरी आत आले तरी, "हात लावू नका!" अशी आरोळी येई. सरपंचांनाही आली आणि तपासणीला आलेल्या साहेबांनाही आली. साहेबांनी हात मागे घेतला आणि मग आपण साहेब असल्याचे त्यांना आठवले. अण्णांचा नियम साधा होता. ज्याने सॅम्पल घेतला त्यानेच तो पुरा करायचा; मध्ये दुसरा हात आला की आकडा बाटला. छत्तीस वर्षांत गावाला या आरोळीची इतकी सवय झाली की लहान मुले पकडापकडी खेळतानाही ती रेषा ओलांडत नसत.

अण्णांच्या आकड्यावर अविश्वास दाखवणारा गावात एकच होता. भानुदास आबा. धिप्पाड देह, पहाडी आवाज, दारात दोन म्हशी. रोज सकाळी त्यांची किटली रेषेबाहेर फरशीवर आदळली की रांगेतली माणसे तंबाखू मळणे थांबवून कान टवकारत.

"किती?"

"सहा दोन."

"काल सहा पाच हुता. मशीन झोपलंय का काय तुमचं?"

"मशीन जागं हाय. म्हस झोपली आसल."

"माज्या म्हशीचं नाव काढायचं काम न्हाई. परत बगा."

"एकदा निघाला त्यो आकडा. परत न्हाई."

असे म्हणत म्हणत अण्णा दुसरा सॅम्पल यंत्रात घालत. दुसरा आकडाही सहा दोनच येई. आबा, "उद्या बगतो," म्हणून निघून जात. अठरा वर्षे हे चालले. मी एकदा अण्णांना विचारले, की दुसऱ्या वेळी घ्यायचाच असतो तर नाही कशाला म्हणता? ते म्हणाले, "लगीच घेतला तर त्यो काय बोलंल?"

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, सकाळी, याच संवादाच्या मध्यावर भानुदास आबा खाली बसले. किटली कलंडली. दूध पिवळ्या रेषेवरून टेबलाखाली गेले. आबा बसले ते रेषेच्या आत आडवेच झाले. डोळे उघडे होते, श्वास नव्हता.

अण्णा टेबलावरून उडी मारून आले. या वयात मारली. दूध संघाच्या कुठल्याशा शिबिरात त्यांनी छाती दाबणे पाहिले होते. त्यांनी आबांच्या सदऱ्याची बटणे तोडली, छातीच्या मध्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि दाबायला सुरुवात केली. आम्ही चौदा माणसे रांगेत होतो. मी तिसरा होतो. दोघे-तिघे पुढे सरकले, तेव्हा अण्णांच्या तोंडून सवयीने आरोळी गेली, "कुणी हात लावू नका!"

कोणीही लावला नाही.

रुग्णवाहिकेला फोन झाला. ती यायला सतरा मिनिटे लागली. रस्ताच तेवढा आहे. सतरा मिनिटे अण्णा एकटे दाबत होते आणि आम्ही चौदा माणसे हातात किटल्या घेऊन उभे होतो. गाडीबरोबर आलेल्या माणसाने आबांना तपासले आणि अण्णांचे दोन्ही हात धरून बाजूला केले.

आबा गेले, तरी गावाने आधी अण्णांची वाहवा केली. आठवडा उलटला आणि चहाच्या टपरीवर कोणीतरी दुसरा सूर लावला. "ज्यानं अठरा वर्सं फॅट पुरा दिला न्हाई, त्यो छातीवर जोर तरी पुरा देनार व्हय?" माणसे हसली. आमच्या गावात विनोदाला मालक नसतो, त्यामुळे तो कोणी केला हे कळले नाही. अण्णांना मात्र तो त्याच संध्याकाळी कळला. उत्तर द्यायला त्यांच्याकडे आकडा नव्हता.

दहाव्याच्या दिवशी आबांच्या पत्नी कौसल्याबाई घाटावर अण्णांसमोर आल्या. मी शेजारी उभा होतो. बाईंच्या बोलण्यात आरोप नव्हता. बाजारात एखाद्या वस्तूबद्दल विचारावे तसे त्यांनी विचारले, "अण्णा, तुमी पुरं दाबलं हुतं ना?"

अण्णा म्हणाले, "ठावं न्हाई, वैनी."

ते खोटे बोलू शकले असते. बाई तो शब्द घेऊन घरी गेल्या असत्या. पण ज्याचे मोजमाप झाले नाही ते या माणसाने आयुष्यात कधी सांगितले नव्हते, आणि त्या दिवशीही सांगितले नाही. बाईंनी मान हलवली. त्या दिवसापासून अण्णांना एकच गोष्ट हवी होती. आपण त्या सकाळी पुरेसे दाबले की नाही.

त्यानंतर दूध घेऊन कौसल्याबाई स्वतः येऊ लागल्या. अण्णा आकडा सांगत. त्या मान हलवून जात. "ती भांडत न्हाई, गुरुजी," अण्णा मला म्हणाले. "सहा दोन म्हनलं तरी मान हलवती, पाच आठ म्हनलं तरी हलवती." बाई गेल्यावर ते त्यांच्या दुधाचा दुसरा सॅम्पल यंत्रात घालत. कोणी सांगितले नव्हते.

दर बुधवारी दुपारी अण्णा एसटीने नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जाऊ लागले. डॉक्टर दिसला की विचारत, छाती किती दाबायची? उत्तर सगळीकडे एकच मिळे. पाच ते सहा सेंटीमीटर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. अण्णांचा पुढचा प्रश्न असे, "मी किती दाबली हे कसं कळंल?" डॉक्टर सांत्वन करत. तुम्ही प्रयत्न केलात हेच मोठे, असे म्हणत. अण्णा चिडून परत येत. "प्रयत्न हे काय रीडिंग हाय?"

अखेर एका संस्थेच्या तरुण डॉक्टरबाईंनी त्यांना टेबलावर एक चकती काढून दाखवली. तळहाताएवढी. छातीवर ती ठेवायची आणि तिच्यावर हात ठेवून दाबायचे. किती सेंटीमीटर दाबले, किती वेगाने दाबले आणि दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ दिली की नाही, हे ती त्याच क्षणी सांगते. बरोबर असेल तर हिरवा दिवा, चुकले तर तांबडा. अण्णांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "शून्यावर कधी लावली हुती?"

बाईंना हा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला नव्हता. त्या हसल्या. महिन्याभरासाठी त्यांनी चकती आणि सरावाची रबरी बाहुली गावाला द्यायचे कबूल केले. अट एकच, गावाने शिकले पाहिजे.

बाहुलीला हातपाय नव्हते. डोके आणि धड एवढेच. गावाने तिचे नाव पाव्हणं ठेवले. केंद्राच्या कोपऱ्यात सतरंजीवर पाव्हणं निजले आणि पिवळ्या रेषेच्या आत गावाला प्रथमच प्रवेश मिळाला.

पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी शिकवले, दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी ताबा घेतला. संध्याकाळचे दूध गेले की शिकवणी सुरू. दुधासारखीच रांग, दुधासारखाच पुकारा. तालमीतल्या दोन पैलवानांनी पहिल्याच दणक्याला तांबडा दिवा लावला. "कुस्ती न्हाई ही," अण्णा ओरडले. "चितपट करायचं नसतं, उठवायचं असतं!" सरपंचांचा वेग एकशेसाठ निघाला. "निवडणूक लांब हाय अजून, दमानं घ्या." भजनी मंडळातल्या पखवाजवाल्याचा वेग मिनिटाला एकशेदहावर जो बसला तो हललाच नाही. त्याने कौतुकाची अपेक्षा करून वर पाहिले. "वेग लई झ्याक," अण्णा म्हणाले, "पर खोली तीन. पाव्हन्याला गुदगुल्या व्हत्यात." बायका भाकरी थापल्यासारखे कोपरात वाकून दाबत. त्यांना अण्णांनी हात सरळ ठेवायला शिकवले आणि आठवड्याभरात त्या पैलवानांच्या पुढे गेल्या. पैलवानांनी येणे बंद केले.

सगळ्यांची एक चूक सारखी होती. दाबल्यावर हात सैल सोडायचा, तो कोणी सोडत नसे. बाहुलीवर रेलून गप्पा मारण्याकडे कल होता. "दाबलं तेवढं सोडा," अण्णा ओरडत. "छाती वर आली पायजे. तिला बी जागा द्या."

माझी पाळी आली तेव्हा रांग मोडून माणसे भोवती जमली. त्या रांगेतल्या निम्म्या माणसांना मी कधी ना कधी नापास केले होते. मी चष्मा काढून ठेवला, गुडघे टेकले, दोन मिनिटे दाबले. अण्णांनी चकतीकडे पाहिले.

"खोली चार. गुरुजी, नापास."

टाळ्या वाजल्या. एवढ्या टाळ्या मला निवृत्तीच्या समारंभात मिळाल्या नव्हत्या. मी तक्रार केली नाही. चार म्हणजे चार. पुढचे तीन आठवडे मी रोज सराव केला आणि पाचावर आलो. गावाने त्याची दखल घेतली नाही.

डॉक्टरबाई मध्यंतरी एकदा पाहणीला आल्या. तेव्हा त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली. दोन मिनिटांनी माणूस थकतो. आपण थकलो हे त्याला स्वतःला कळत नाही. हात तेवढाच जोर लावतो आहे असेच त्याला वाटते. चकतीला मात्र आधी कळते, खोली उतरू लागते. म्हणून दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा. पुढचा माणूस समोर गुडघे टेकून तयार ठेवायचा.

अण्णा बाटल्या धूत होते. त्यांचे हात थांबले.

"कुनाचाबी उतरतो?"

"कुणाचाही," बाई म्हणाल्या.

"पैलवानाचा बी?"

"पैलवानाचाही, माझाही."

अण्णांनी बाटल्या धुऊन झाल्यावर त्या पुन्हा धुतल्या. दुसऱ्या दिवसापासून शिकवणीत बदलीचा सराव सुरू झाला. एक दाबतो आहे, दुसरा समोर गुडघ्यांवर तयार, अण्णा घड्याळ धरून. "बदल!" म्हणताच हात बदलायचे आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही. यात कोणी ढिलाई केली तर ते पूर्वी यंत्राला हात लावणाऱ्यावर चिडत त्याहून अधिक चिडत.

महिन्याभरात गावातल्या दीडशेवर माणसांनी पाव्हण्याची छाती दाबली. अण्णांनी मात्र दाबली नाही. ज्या आकड्यासाठी दोन वर्षे एसटीचे धक्के खाल्ले, तो आकडा हाताच्या अंतरावर होता आणि अण्णा चकती पुसून डब्यात ठेवून देत होते. मी विचारले, तर म्हणाले, "मशीन चालवनाऱ्यानं स्वताचा सॅम्पल द्यायचा नसतो." आकड्याला भिणारे अण्णा मी प्रथमच पाहत होतो.

चकती परत जाण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, केंद्रात आम्ही दोघेच होतो. अण्णा बाहुलीची छाती ओल्या फडक्याने पुसत होते. दारात कौसल्याबाई आल्या. दुधाची वेळ नव्हती आणि हातात किटलीही नव्हती. महिनाभर शिकवणीकडे त्या फिरकल्या नव्हत्या.

"किती दाबलं त्ये हे सांगतंय म्हनं," त्या म्हणाल्या.

"व्हय," अण्णा म्हणाले.

"मग दाबा की. त्या दिशी दाबलं तसं."

अण्णांनी फडके पिळले. "वैनी, ही रबराची. त्यो मानूस हुता. दोन वर्सं झाली, माजं बी वय वाडलं. आज आकडा आला तरी त्यो त्या दिशीचा न्हाई."

"मला ठावं हाय," बाई म्हणाल्या. "तरीबी दाबा. मला बगायचंय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, तुमी वाचा. मी वाचनार न्हाई."

मी आयुष्यात कोणाला वाढीव गुण दिले नाहीत. हे त्यांना माहीत होते, म्हणूनच सांगितले.

त्यांनी गुडघे टेकले, चकती ठेवली, तिच्यावर तळवे ठेवले आणि सुरुवात केली. बाई समोर भिंतीला टेकून बसल्या.

"आकडा?"

"पाच पाच. वेग एकशेबारा. दिवा हिरवा."

"आकडा?"

"पाच पाच."

एक मिनिट गेले. दिवा हिरवा होता. दोन मिनिटे झाली. अण्णांच्या मानेवर घाम आला. हात सरळ होते, ताल तोच होता.

"आकडा?"

"पाच."

ते थांबले नाहीत. मी थांबा म्हणालो नाही.

"आकडा?"

"साडेचार. तांबडा."

"जोर तेवडाच लावतोय मी."

"साडेचार," मी पुन्हा म्हणालो. मग म्हणालो, "चार."

खोलीत ताल देणाऱ्या चकतीची टकटक आणि अण्णांचा श्वास एवढेच ऐकू येत होते. कौसल्याबाईंनी मला विचारले, "पयली दोन मिंटं पुरं हुतं?"

"पुरे होते."

"मग म्होरं?"

"पुढे बदलायला माणूस हवा होता."

"मीच म्हनलो ना, हात लावू नका," अण्णा दाबता दाबता म्हणाले. "चौदा मानसं हुती. मीच म्हनलो."

या ठिकाणी मी गप्प बसू शकलो असतो. दोन वर्षे बसलोच होतो.

"मी रांगेत तिसरा होतो," मी म्हणालो. "माझा एक पाय रेषेच्या आत पडला होता. मी तो मागे घेतला."

हे मी कोणाला सांगितले नव्हते. अण्णांचे डोके वर झाले नाही, पण हातांची एक खेप चुकली. कौसल्याबाई माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मला त्या नजरेपासून चष्म्याचा आडोसाही मिळाला नाही. तो मी वाचण्यासाठी कपाळावर चढवला होता.

"मग आता घ्या की म्होरं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "मानूस दमलाय."

मी अण्णांच्या समोर गुडघे टेकले. त्यांनी हात उचलले, मी ठेवले. खंड पडला नाही. अण्णा बाजूला बसून श्वास घेऊ लागले आणि माझा आकडा वाचू लागले. पाच. पाच एक. पाच. दोन मिनिटे होताच कौसल्याबाई पदर खोचून पुढे आल्या.

"सरका."

"कोपर सरळ, वैनी," अण्णा म्हणाले. "खांद्यातनं. आता सोडा. वर येऊ द्या. हां. आसं."

बाईंनी कधी बाहुली दाबली नव्हती. पहिल्या काही खेपांना तांबडा दिवा लागला, मग हिरवा. त्या दाबत होत्या आणि ओठांत काहीतरी मोजत होत्या. मी ऐकण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांच्यानंतर पुन्हा अण्णा बसले, त्यांच्यानंतर मी. कोणी थांबू या म्हणाले नाही. भिंतीवर केंद्राचे घड्याळ होते. आम्ही तिघेही अधूनमधून त्याच्याकडे पाहत होतो, आणि तिघांनाही ठाऊक होते की कशासाठी.

सतरा मिनिटे झाली तेव्हा दिवा हिरवा होता.

अण्णांनी हात उचलले. पाव्हणं अर्थातच उठले नाही. उठायचे होते ते आम्हालाच, आणि ते जमेना. तिघांचेही गुडघे धरले होते. कौसल्याबाईंनी एक हात अण्णांपुढे केला, एक माझ्यापुढे. "धरा," त्या म्हणाल्या. आम्ही धरला. पहिल्या खेपेला तिघेही परत खाली बसलो. दुसऱ्या खेपेला उठलो.